साठच्या दशकातील सायकेडेलिक रॉक : आरंभापासून अखेरपर्यंत सलग ऐकावेत असे अल्बम कोणते?

षड्जपंचम

गेले काही महिने मी 1966 ते 1969 या काळातील सायकेडेलिक रॉक, म्हणजे भ्रमावस्थेसारखा अनुभव ध्वनीतून उभा करू पाहणारे रॉक संगीत, पद्धतशीरपणे ऐकत आहे. माझे कान ख्यालावर आणि तंतुवाद्यांवर घडले असून रॉककडे मी बराच उशिरा वळलो. मैफलीत कलाकाराने एकदा वातावरण उभे केले की ते शेवटपर्यंत सांभाळले जाते, याची सवय असल्यामुळे अल्बमकडूनही मी तेच मागतो, आणि नेमके तेथेच माझे समाधान होत नाही.

‘व्हाइट रॅबिट’चे उदाहरण घ्या. जेफरसन एअरप्लेन या अमेरिकी गटाचे हे गाणे बोलेरो या स्पॅनिश नृत्यप्रकाराच्या ठेक्यावर दबक्या पावलांनी सुरू होते, ग्रेस स्लिकचा आवाज एकदाही मागे न फिरता चढत जातो आणि अडीच मिनिटांत सारे काही शिखरावरच संपते. परंतु ते ज्या ‘सर्रिअलिस्टिक पिलो’ या फेब्रुवारी 1967 च्या अल्बमवर आहे, त्यावरील बरीच गाणी लोकसंगीताच्या वळणाची प्रेमगीते आहेत. ती सुरेल आहेत, ‘टुडे’ तर मला फारच आवडते. तरीही ‘व्हाइट रॅबिट’चे जग त्यांत सापडत नाही.

दुसरी अडचण सतारीची आहे. त्या दोन-तीन वर्षांत लंडनपासून लॉस एंजेलिसपर्यंत ती इतकी आवडती झाली होती की, पुष्कळ ध्वनिमुद्रणांत चार स्वर छेडून ती बाजूला ठेवलेली दिसते. मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणे) नाही, स्वरावर थांबणे नाही, नुसता रंग. म्हणून माझे जाणकारांना दोन प्रश्न आहेत. सलग ऐकल्यावरच ज्याचा अर्थ पूर्ण उलगडतो असा त्या काळातील तुमचा सर्वांत आवडता अल्बम कोणता? आणि भारतीय संगीताचा विचार ज्याच्या रचनेतच मुरला आहे, असे काही त्यात सापडते का? नुसती नावे न देता आवडण्याची कारणे लिहिलीत तर मला त्यांचा अधिक उपयोग होईल.

जुनी_तबकडी

माझे उत्तर ‘रिव्हॉल्व्हर’ हे आहे, आणि ते तुमच्या दोन्ही प्रश्नांना लागू पडावे. बीटल्सचा हा अल्बम ऑगस्ट 1966 मध्ये आला. त्यातील शेवटचे गाणे, ‘टुमॉरो नेव्हर नोज’, प्रत्यक्षात सर्वांत आधी, त्या वर्षीच्या एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात मुद्रित झाले होते. सर्वांत धाडसी पाऊल त्यांनी आधी टाकले आणि उरलेली तेरा गाणी ते पाऊल टाकून झाल्यावर रचली, हे लक्षात ठेवून अल्बम ऐकला की एरवी विस्कळीत वाटणाऱ्या गाण्यांमधील नाते उमगते. ‘एलेनॉर रिग्बी’मध्ये गिटार नाही, ढोल नाही, केवळ आठ तंतुवाद्ये आहेत, ‘आय ॲम ओन्ली स्लीपिंग’मध्ये बीटल्सचा गिटारवादक जॉर्ज हॅरिसन याने गिटारची ओळ अशी रचून वाजवली की टेप उलटी फिरवल्यावर ती हवी तशी ऐकू यावी. प्रत्येक गाण्यासाठी ध्वनीचा एक स्वतंत्र निर्णय घेतलेला आहे आणि तो शेवटपर्यंत पाळलेला आहे. मला हीच या अल्बमची एकात्मता वाटते.

‘टुमॉरो नेव्हर नोज’ तुमच्या कानांना लगेच ओळखीचे वाटेल, कारण ते जवळजवळ संपूर्णपणे एकाच षड्जावर उभे आहे. तंबोरा सुरू होतो, बास त्याच स्वरावर ठाण मांडतो, रिंगो स्टारचा ठेका एखाद्या आवर्तनासारखा फिरत राहतो, आणि गायक जॉन लेननची चाल षड्ज, गंधार, पंचम अशी चढून कोमल निषादावरून पुन्हा षड्जावर येते. एरवी पाश्चात्त्य गाणे कॉर्ड बदलत पुढे सरकते. येथे ती वाटच बंद केल्यामुळे पुढे जाण्याची सारी जबाबदारी ध्वनीच्या पोतावर येऊन पडली. त्यासाठी मुख्यतः पॉल मॅकार्टनीने घरी तयार केलेले टेपचे लूप (टोके जोडून फिरत ठेवलेले टेपचे तुकडे) वापरले गेले, काही उलटे, काही वेग वाढवलेले. स्टुडिओतील निरनिराळ्या यंत्रांवर ते एकाच वेळी फिरत ठेवण्यात आले, टेपचा ताण सुटू नये म्हणून सहायकांनी ती पेन्सिलींवर धरून ठेवली, आणि मिक्सरच्या पट्ट्या वरखाली करत ते सगळे प्रत्यक्ष मिसळले गेले. इतके यांत्रिक भासणारे हे मिश्रण म्हणजे वस्तुतः त्या क्षणी घडलेले वादन होते, आणि ते तंतोतंत पुन्हा घडवणे कोणालाही शक्य नव्हते. डोंगरमाथ्यावरून मंत्र म्हणणाऱ्या दलाई लामांसारखा आपला आवाज यावा, अशी लेननची मागणी होती. त्यावर हॅमंड ऑर्गनच्या फिरत्या लेस्ली स्पीकरमधून तो आवाज काढण्याची युक्ती योजणारा ध्वनिमुद्रक जेफ एमरिक तेव्हा अवघा वीस वर्षांचा होता.

आता सतारीविषयी. या अल्बमवरील ‘लव्ह यू टू’ हे ‘टुमॉरो नेव्हर नोज’नंतर काही दिवसांतच मुद्रित झाले. आधी ठेक्याविना छोटासा आलाप, मग तबल्याचा प्रवेश, आणि शेवटी लय वाढवून समाप्ती, असा त्याचा बांधा आहे. तबला अनिल भागवत यांनी वाजवला असून त्यांचे नाव अल्बमच्या वेष्टनावर छापलेले आहे. मराठी रसिकांनी ते आवर्जून शोधून वाचावे. आदल्याच वर्षी ‘नॉर्वेजियन वुड’मध्ये सतार केवळ गिटारची ओळ दुहेरी करण्यापुरती होती. त्या मानाने ही झेप केवढी मोठी आहे!

त्याहूनही परिपक्व रचना म्हणजे 1967 च्या ‘सार्जंट पेपर’वरील ‘विदिन यू विदाउट यू’. तेथे दिलरुबा (गजाने वाजवायचे तंतुवाद्य) गायकाच्या गळ्यामागून चालतो, म्हणजे सारंगी ख्यालाला देते तशी साथ देतो, आणि मधल्या वाद्यखंडात दहा मात्रांच्या चालीवर सतार आणि बीटल्सचे निर्माते जॉर्ज मार्टिन यांनी लिहिलेली व्हायोलिने यांचा संवाद होतो. साथीच्या भारतीय वादकांची नावे मात्र या वेळी वेष्टनावर आली नाहीत. इतक्या गाजलेल्या अल्बमच्या बाबतीत तसे व्हायला नको होते, असे मला आजही मनापासून वाटते.

रात्रपाळी

जुनी_तबकडी यांनी जे लिहिले आहे, त्याविषयी मला आदर आहे, तरीही सलग ऐकण्याच्या कसोटीवर माझी निवड पिंक फ्लॉइडच्या पहिल्या अल्बमची, ‘द पायपर ॲट द गेट्स ऑफ डॉन’ची आहे. तो ऑगस्ट 1967 मध्ये प्रसिद्ध झाला. लंडनमधील ॲबी रोडवरील स्टुडिओच्या त्याच इमारतीत शेजारच्या दालनात बीटल्स ‘सार्जंट पेपर’ पूर्ण करत असताना तो मुद्रित होत होता आणि त्याचे निर्माते नॉर्मन स्मिथ हे पूर्वी बीटल्सचेच ध्वनिमुद्रक होते. तंत्र आणि यंत्रे जवळपास सारखी, तरी निष्पत्ती सर्वस्वी निराळी झाली, कारण येथे केंद्रस्थानी गटाचा गायक, गिटारवादक आणि गीतकार सिड बॅरेट हा एकच कल्पक माणूस होता.

बॅरेटच्या जगात अंतराळ आणि बाळगोपाळांची गोष्टींची पुस्तके शेजारी शेजारी नांदतात. पहिले गाणे, ‘ॲस्ट्रॉनॉमी डॉमिने’, ध्वनिवर्धकातून ग्रहताऱ्यांची नावे घेत सुरू होते; पुढे ‘मटिल्डा मदर’मध्ये आई गोष्ट वाचता वाचता थांबते आणि मूल पुढचे ऐकण्यासाठी हट्ट धरते; शेवटच्या ‘बाइक’मध्ये एक मुलगा आपली मालमत्ता एकेक करून मैत्रिणीला दाखवतो आणि अखेरीस तिला एका खोलीत नेतो, जिथे नाना तऱ्हेची यंत्रे आवाज करत आहेत. ही खोली म्हणजे संपूर्ण अल्बमचा आशय आहे, असे मी मानतो. पहिल्या गाण्यातील अथांग काळोख आणि शेवटच्या गाण्यातील ती खोली या दोहोंकडे बॅरेट एकाच कुतूहलाने पाहतो, भीती आणि खेळ यांच्यात भिंत घालत नाही. असे लिहिणारा दुसरा गीतकार त्या काळच्या रॉकमध्ये मला आढळलेला नाही.

वादनाच्या बाजूने ‘इंटरस्टेलर ओव्हरड्राइव्ह’ हे सुमारे पावणेदहा मिनिटांचे वाद्यसंगीत नीट ऐकण्याजोगे आहे. एक उतरती ओळ सुरुवातीला ठसवून वादक ती सोडून देतात, ताल विरतो, स्वरकेंद्र विरते, केवळ आवाजांची ये-जा उरते, आणि शेवटी तीच ओळ परत येते. बॅरेट सिगारेटचा लायटर तारांवरून सरकवून इको यंत्रातून घुमणारे स्वर काढत असे, आणि रिक राइटचा फार्फिसा ऑर्गन त्या घुमण्याला तळ पुरवतो. लंडनमधील यूएफओ क्लबात हे संगीत रंगीत प्रकाशझोतांखाली याहून कितीतरी लांबवले जाई.

एक व्यावहारिक सूचना. अमेरिकेत निघालेल्या मूळ आवृत्तीत ‘ॲस्ट्रॉनॉमी डॉमिने’, ‘फ्लेमिंग’ आणि ‘बाइक’ ही तीन गाणी वगळून ‘सी एमिली प्ले’ घातले होते. ते गाणे उत्कृष्ट आहे, पण अल्बमचे दार आणि ती शेवटची खोली दोन्ही काढून टाकल्यावर काय शिल्लक राहणार? ब्रिटिश आवृत्तीच ऐकावी.

बॅरेटची मानसिक प्रकृती त्याच वर्षी ढासळू लागली आणि 1968 च्या वसंतात तो गटातून बाहेर पडला. त्या दुःखद इतिहासाच्या छायेतच हा अल्बम ऐकण्याची प्रथा पडली आहे. मला ती मान्य नाही. या गाण्यांमध्ये पुरता जागा असलेला, शब्दांवर हुकमत असलेला एक एकवीस वर्षांचा कलाकार आहे, आणि त्याला त्याच्या कामावरूनच ओळखले पाहिजे.

कोकणकडा

वरील दोन्ही प्रतिसादांत स्टुडिओतील करामतींवर भर आहे. माझा अनुभव असा की, ज्या अल्बममध्ये यातील फारच थोडे आहे, तोच मनाची अवस्था सर्वांत खोलवर बदलतो. लव्ह या लॉस एंजेलिसच्या गटाचा ‘फॉरएव्हर चेंजेस’ नोव्हेंबर 1967 मध्ये आला. त्यात प्रामुख्याने साध्या गिटारी आहेत, त्यांभोवती डेव्हिड एंजेल यांनी बांधलेले तंतुवाद्यांचे आणि तुताऱ्यांचे संयोजन आहे, आणि विजेच्या गिटारींचा खरा स्फोट ‘अ हाउस इज नॉट अ मोटेल’च्या शेवटी होतो. बाहेरून हे संगीत प्रसन्न, जवळजवळ नाजूक भासते.

अस्वस्थता आहे ती गटाचा गायक-गीतकार आर्थर ली याच्या शब्दांत आणि चालींच्या जोडणीत. ओळ जिथे संपेल असे वाटते तिथे ती संपत नाही; अपेक्षित शब्द गिळला जातो किंवा पुढच्या कडव्याच्या आरंभी येतो; आनंदी तुतारीच्या खाली रक्ताची, युद्धाची, तुरुंगाची प्रतिमा असते. तेव्हा ली अवघ्या बावीस वर्षांचा होता आणि आपण लवकरच मरणार अशी त्याची धारणा झाली होती. तो 1967 चा उन्हाळा कॅलिफोर्नियात फुलांचा आणि प्रेमाचा म्हणून साजरा होत असताना, व्हिएतनाममध्ये तरुण मरत होते, आणि गोऱ्या व काळ्या वादकांचा हा मिश्र गट त्या उत्सवाकडे किंचित दूरवरून पाहत होता. शेवटचे ‘यू सेट द सीन’ जवळपास सात मिनिटे चालते आणि त्यात ली मृत्यूच्या कल्पनेशी समोरासमोर येऊन जगण्याचा निश्चय करतो. आधीच्या दहा गाण्यांतील संशय पचवल्याशिवाय त्या निश्चयाचे मोल कळत नाही. षड्जपंचम यांच्या पहिल्या प्रश्नाला याहून नेमके उत्तर मला सुचत नाही.

अमेरिकेच्या विक्रीच्या यादीत हा अल्बम 154 व्या क्रमांकापुढे गेला नाही. ब्रिटनमध्ये मात्र तो 24 व्या क्रमांकापर्यंत पोहोचला. हा गट लॉस एंजेलिसबाहेर फारसा फिरत नसे, हे त्यामागचे एक मोठे कारण होते.

याच जातकुळीतील दुसरा अल्बम म्हणजे झॉम्बीजचा ‘ओडेसी अँड ऑरॅकल’. तो बहुतांशी ॲबी रोडलाच 1967 मध्ये मुद्रित झाला, प्रसिद्ध झाला 1968 च्या एप्रिलमध्ये, आणि तोपर्यंत गट मोडलाही होता. मेलोट्रॉन या, टेपवर मुद्रित केलेले आवाज कळांनी वाजवणाऱ्या, वाद्याचा इतका संयत वापर मी दुसरीकडे ऐकलेला नाही. तुरुंगातून सुटून येणाऱ्या प्रेयसीला लिहिलेले आनंदी पत्र आणि पहिल्या महायुद्धाच्या खंदकातील सैनिकाचे कापरे निवेदन एकाच अल्बमवर शोभून दिसते, ही गटातील रॉड अर्जेंट आणि ख्रिस व्हाइट यांच्या रचनाशक्तीची साक्ष आहे. ‘टाइम ऑफ द सीझन’ अमेरिकेत 1969 मध्ये गाजले, तेव्हा त्याचा लाभ घ्यायला गटच उरला नव्हता.

षड्जपंचम

आपण तिघांनीही अपेक्षेहून अधिक दिले आहे. ‘फॉरएव्हर चेंजेस’ काल रात्री सलग ऐकला. ‘यू सेट द सीन’च्या अखेरीस तुताऱ्या येतात तेव्हा आधीची सगळी गाणी पाठीशी उभी राहतात, हे अगदी पटले. ‘विदिन यू विदाउट यू’मधील दिलरुब्याच्या साथीकडे मी यापूर्वी इतके लक्ष दिले नव्हते.

एक उपप्रश्न विचारतो. जॉर्ज हॅरिसन यांनी मुंबईत काही ध्वनिमुद्रण केल्याचे वाचले आहे. ते या परंपरेत बसते का, आणि आवर्जून ऐकावे असे आहे का?

गिरगावकर

जरूर ऐकावे. हॅरिसन सप्टेंबर 1966 मध्ये पंडित रविशंकर यांच्याकडे सतार शिकण्यासाठी मुंबईत आले होते. त्यानंतर जानेवारी 1968 मध्ये ते ‘वंडरवॉल’ या चित्रपटाच्या संगीतासाठी पुन्हा आले आणि एचएमव्हीच्या मुंबईतील स्टुडिओत काही दिवस ध्वनिमुद्रण झाले. तेथे केवळ मोनो (सर्व आवाज एकाच वाहिनीत मुद्रित करणारे) यंत्र उपलब्ध असल्यामुळे ध्वनिमुद्रण कंपनीचे भास्कर मेनन यांनी दोन ट्रॅकचे स्टिरिओ यंत्र कलकत्त्याहून रेल्वेने आणले, असे हॅरिसन यांनी स्वतःच पुढे सांगितले आहे. आशिष खान यांचा सरोद, शिवकुमार शर्मा यांचे संतूर, महापुरुष मिश्र यांचा तबला, एस. आर. केंकरे यांची बासरी, अशी त्या अल्बमवरील नावे वाचली तरी आपल्याकडील रसिकाचे कुतूहल जागे होईल.

‘वंडरवॉल म्युझिक’ नोव्हेंबर 1968 मध्ये निघाला. बीटल्सपैकी एकाचा तो पहिला स्वतंत्र अल्बम होता. ‘मायक्रोब्स’मधील शहनाई चित्रपटातील एकाकी शास्त्रज्ञाच्या खोलीला साजेशी संथ आणि गंभीर आहे. ‘गत किरवाणी’ हे नावाप्रमाणेच किरवाणी रागातील सरोदवादन आहे, मोजक्या अवधीचे. सायकेडेलिक संगीताच्या दृष्टीने सर्वांत मोलाचा तुकडा मात्र ‘ड्रीम सीन’ आहे: भारतीय गायन, उलट्या फिरवलेल्या टेप, घंटा आणि इतर आवाज यांची पाच मिनिटांची गुंफण. दोन परंपरा एकमेकींना न दुखावता एका स्वप्नासारख्या मिसळू शकतात, हे त्यात प्रत्यक्ष ऐकायला मिळते. तुकडे छोटे आणि प्रसंगानुसार बेतलेले असल्यामुळे हा अल्बम तुमच्या सलगतेच्या कसोटीला पूर्णपणे उतरणार नाही. ते चित्रपटसंगीत आहे, हे गृहीत धरूनच ऐकावे लागते.

त्याच मुंबई-मुक्कामात ‘द इनर लाइट’चे वाद्यसंगीतही मुद्रित झाले. हॅरिसन यांचा आवाज नंतर लंडनला घेतला गेला आणि मार्च 1968 मध्ये ‘लेडी मॅडोना’च्या मागील बाजूस ते प्रसिद्ध झाले. बीटल्सच्या कोणत्याही एकेरी तबकडीवर आलेली हॅरिसन यांची ही पहिली रचना. शब्द ताओ ते चिंग या प्राचीन चिनी ग्रंथातील एका प्रकरणावर आधारलेले आहेत. शहनाई आणि सरोद द्रुत गतीने येतात, गळा लागला की लय निवळते, आणि अडीच मिनिटांत दोन वेगवेगळ्या प्रहरांचा अनुभव मिळतो. माझ्या मते भारतीय वळणाच्या त्यांच्या रचनांमध्ये ही सर्वांत निर्मळ आहे.

रविशंकर यांची त्या काळातील भूमिकाही लक्षात ठेवावी. जून 1967 मध्ये कॅलिफोर्नियातील मॉन्टेरी येथील संगीत महोत्सवात अल्लारखा यांच्यासह त्यांनी केलेले वादन अमेरिकेतील तरुणांनी डोक्यावर घेतले, परंतु आपल्या संगीताचे नाते अमली पदार्थांशी जोडले जाणे त्यांना कधीच मान्य नव्हते आणि ते त्यांनी वेळोवेळी स्पष्टपणे सांगितले.

जुनी_तबकडी

गिरगावकर यांच्या प्रतिसादाला पुरवणी म्हणून आणखी एक नाव देतो, कारण षड्जपंचम यांचा दुसरा प्रश्न रचनेत मुरलेल्या विचाराचा होता. बटरफील्ड ब्लूज बँडच्या ऑगस्ट 1966 च्या अल्बमवरील ‘ईस्ट-वेस्ट’ या तेरा मिनिटांच्या वाद्यरचनेत सतार नाही, तंबोरा नाही, तरी माइक ब्लूमफील्डची गिटार एका स्थिर आधारस्वरावर निरनिराळे स्वरसमूह क्रमाने उलगडत जाते. विस्ताराची पद्धत आत्मसात केली की वाद्य कोणते आहे याला फारसे महत्त्व उरत नाही, हे येथे कळते. डोअर्सचे ‘द एंड’ याच वाटेवरचे आहे. डोअर्सचा गिटारवादक रॉबी क्रीगर याच्यावरील भारतीय संगीताचा परिणाम त्या गाण्याच्या आरंभी सहज जाणवतो.

आवृत्त्यांबाबत रात्रपाळी यांचे म्हणणे ‘रिव्हॉल्व्हर’लाही लागू आहे. त्याच्या मूळ अमेरिकी आवृत्तीत लेननची तीन गाणी गाळून अकराच ठेवली होती. शिवाय 1966-67 मध्ये इंग्लंडमध्ये बहुतेक श्रोत्यांकडे मोनो यंत्रेच असल्यामुळे कलाकारांचे लक्ष मोनो मिश्रणावर केंद्रित असे आणि स्टिरिओ मिश्रण थोडक्या वेळात उरकले जाई. जुन्या स्टिरिओत गायकाचा आवाज एका कानात आणि ढोल दुसऱ्या कानात असा जो प्रकार आढळतो, तो हेडफोनवर फार खटकतो. ‘रिव्हॉल्व्हर’, ‘सार्जंट पेपर’ आणि ‘पायपर’ हे तिन्ही शक्यतो मोनोत ऐका. पहिले दोन 2009 च्या मोनो संचात आणि ‘पायपर’ 2007 च्या चाळिसाव्या वर्षानिमित्तच्या आवृत्तीत मिळतात. ‘रिव्हॉल्व्हर’चे 2022 मधील नवे स्टिरिओ मिश्रणही चांगले उतरले आहे, कारण एकाच ट्रॅकवर एकत्र मुद्रित झालेली वाद्ये संगणकाच्या साहाय्याने वेगळी करून त्यांची नीट मांडणी करणे आता शक्य झाले आहे.

याला अपवाद जिमी हेन्ड्रिक्सचा. ऑक्टोबर 1968 चा ‘इलेक्ट्रिक लेडीलँड’ स्टिरिओतच ऐकला पाहिजे, आणि त्यातील ‘1983’ ही तेरा मिनिटांहून मोठी रचना चांगल्या हेडफोनवर. युद्धाने उद्ध्वस्त झालेली भूमी सोडून समुद्रतळाशी राहायला जाणाऱ्या दोघांची ती गोष्ट आहे. हेन्ड्रिक्स आणि ध्वनिमुद्रक एडी क्रेमर यांनी आवाज डावीकडून उजवीकडे असे वाहते ठेवले आहेत की पाण्याची खोली केवळ ध्वनीतून उभी राहते. मोनोत त्यातील निम्मे तरी हरवेल.